एनबीएमधली पगाराची मर्यादा आणि खेळाडूंच्या विश्रांतीवरचे नियम न्याय्य आहेत का?

तुम्ही विचारलंय, की एनबीएने, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगने, संघाच्या पगारखर्चावर मर्यादा घालायची आणि वर खेळाडूला विश्रांती दिली म्हणून संघाला दंडही करायचा, हे न्याय्य आहे का. शेवटी असंही लिहिलंय, की एवढे कोट्यवधी घेणाऱ्यांना विश्रांती हवीच कशाला. डिसेंबरात भावाकडे अमेरिकेला जाऊन एक सामना बघायचा तुमचा बेत आहे, त्याबद्दल शेवटी लिहिते.

माझं मत आधीच सांगून टाकते. पगाराची मर्यादा मला बरीचशी रास्त वाटते. विश्रांतीवरचा नियमही पटतो, कारण तिकीट काढणाऱ्याच्या बाजूने कुणीतरी बोलायला हवंच होतं. पण मोठे मान मिळवायला हंगामात किमान ६५ सामने खेळायलाच हवेत, ही २०२३-२४ च्या हंगामापासून आलेली अट मला अन्यायाची वाटते. ती खेळाडूचा पगार त्याच्या दुखऱ्या गुडघ्याला नेऊन बांधते.

आधी पगाराचं. आपल्याला आयपीएलमुळे ही कल्पना नवी नाही. २०२५ च्या हंगामासाठी प्रत्येक संघाला १२० कोटी रुपये होते, त्यातच सगळा संघ बसवायचा. एनबीएची मर्यादा इतकी कडक नाही. ती १९८४-८५ मध्ये आली तेव्हा ३६ लाख डॉलर होती, २०२५-२६ ला ती १५ कोटी ४६ लाखांवर होती. ती ओलांडता येते, विशेषतः आपलाच जुना खेळाडू राखायचा असेल तर. बोस्टनच्या लॅरी बर्डवरून त्या सवलतीला आजही त्याचंच नाव आहे. पुढे लक्झरी टॅक्स, म्हणजे जादा खर्चावरचा दंडासारखा कर, लागतो आणि त्याच्याही वर दोन रेषा आहेत, त्यांना ‘एप्रन’ म्हणतात. दुसरा एप्रन त्याच हंगामात २० कोटी ७८ लाखांवर होता. तो ओलांडला की पैसे असूनही हात बांधले जातात. अदलाबदलीत दोन खेळाडूंचे पगार एकत्र करून एक मोठा खेळाडू आणता येत नाही, आणि सात वर्षांनंतरची ड्राफ्टची (संघ नवे खेळाडू पाळीपाळीने निवडतात तो कार्यक्रम) पहिल्या फेरीतली निवडसुद्धा गोठवली जाते, म्हणजे ती अदलाबदलीत देता येत नाही.

हे मालकांनी एकतर्फी लादलेलं नाही. खेळाडूंच्या संघटनेने करारावर सही केली आहे आणि बास्केटबॉलच्या उत्पन्नाचा जवळपास निम्मा वाटा खेळाडूंना मिळतो. पूर्वी तो ५७ टक्के होता. २०११ मध्ये मालकांनी टाळेबंदी करून तो खाली आणला, त्या वर्षी हंगाम ६६ सामन्यांचाच झाला. तेव्हा खेळाडूंनी बरंच गमावलं, हे मी नाकारत नाही. पण वाटा ठरलेला आहे आणि उत्पन्न वाढलं की मर्यादाही वाढते.

ती वाढसुद्धा बेताने व्हावी लागते. २०१६ मध्ये टीव्हीचे नवे पैसे आले आणि मर्यादा एका वर्षात ७ कोटींवरून ९ कोटी ४१ लाखांवर गेली. आदल्या हंगामात ७३ सामने जिंकलेल्या गोल्डन स्टेट संघाला त्या मोकळ्या जागेत थेट केविन ड्युरंटसारखा मोठा तारा घेता आला. आता वर्षाला १० टक्क्यांहून जास्त वाढ होऊ देत नाहीत. २०१९ ते २०२५ या सात वर्षांत सात वेगवेगळे संघ विजेते झाले, आणि २०२५ ची अंतिम लढत ओक्लाहोमा सिटी आणि इंडियाना यांच्यात झाली. लॉस एंजेलिस-न्यूयॉर्कपुढे ही लहान गावं. तिथल्या पोरांना आपला संघ जिंकताना बघायला मिळतो, यातच मला या मर्यादेचं समर्थन दिसतं.

एक खोट मात्र आहे. बोस्टनने जेसन टेटम आणि जेलन ब्राउन हे दोघेही ड्राफ्टमधून स्वतः निवडले, घडवले आणि २०२४ ला विजेतेपद मिळवलं. वर्षभरात टेटमच्या टाचेचा स्नायुबंध तुटला. दुसऱ्या एप्रनचा भार डोक्यावर होताच, त्यामुळे ज्रू हॉलिडे आणि क्रिस्टॅप्स पोर्झिंगिस यांना दुसरीकडे धाडावं लागलं. बाहेरून तारे विकत आणणारा आणि घरचे वाढवणारा, दोघांना एकच माप लावणं चुकीचं आहे. घरच्या खेळाडूचा पगार या हिशेबात थोडा कमी धरला तरी बरंच साधेल.

आता विश्रांती. नोव्हेंबर २०१२ मध्ये सॅन अँटोनिओचे प्रशिक्षक ग्रेग पॉपोविच यांनी मायामीतल्या सामन्याआधी टिम डंकन, टोनी पार्कर, मनू जिनोबिली आणि डॅनी ग्रीन यांना सरळ घरी पाठवलं. पाच रात्रींतला तो चौथा सामना होता. देशभर दाखवला जाणारा सामना, म्हणून लीगने संघाला अडीच लाख डॉलर दंड केला. उरलेल्या पोरांनी तो सामना १०५-१०० असा अगदी थोडक्यात गमावला. पुढे २०१८-१९ मध्ये कवाय लेनर्ड टोरंटोसाठी फक्त ६० सामने खेळला आणि संघ विजेता झाला. मग ‘लोड मॅनेजमेंट’, म्हणजे ताण कमी ठेवायला खेळाडूला ठरवून बसवणं, हा शब्द सगळ्यांच्याच तोंडी बसला.

याची झळ मला स्वतःला लागली आहे. आम्ही अमेरिकेत ओहायोत राहतो, सगळ्यात जवळचं एनबीएचं मैदान दोन तासांवर. नवा नियम येण्याच्या आदल्या हिवाळ्यात लेकीच्या दहाव्या वाढदिवसाला तिच्या आवडत्या खेळाडूचा सामना बघायला नेलं होतं. संघाचं आणि त्याचं नाव घेत नाही. तिने कोटावरून जर्सी चढवली होती, म्हणजे नाव दिसावं. पार्किंगमध्ये पोचल्यावर फोनवर बातमी आली, आज तो खेळणार नाही. आत गेलो तर तो बाकाच्या टोकाला ट्रॅकसूट घालून हसत बसलेला.

“त्याला बरं नाहीये का?” तिने विचारलं.

“बरा आहे गं.”

“मग?”

या ‘मग’ला माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्यामुळे सप्टेंबर २०२३ चा नियम आला तेव्हा मला मनापासून आनंद झाला. गेल्या तीन हंगामांत ऑल-स्टार (हंगामाच्या मधल्या ताऱ्यांच्या सामन्यासाठी निवडलेला) किंवा ऑल-एनबीए (वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूंच्या यादीतला) झालेला तो ‘स्टार’. एका सामन्यात असे दोघे एकदम बसवायचे नाहीत, देशभर दाखवल्या जाणाऱ्या सामन्यात ते उपलब्ध हवेत आणि एखाद्या सामन्यापुरतं बसवायचंच असेल तर शक्यतो घरच्या मैदानावर, म्हणजे वर्षातून एकदाच तो खेळाडू बघायला मिळणारं परगाव कोरडं राहत नाही. दंड पहिल्यांदा १ लाख डॉलर, दुसऱ्यांदा अडीच लाख, त्यापुढे दर वेळी १० लाखांनी जास्त. पस्तिशीच्या खेळाडूंना लागोपाठच्या दोन दिवसांच्या सामन्यांत सूट मागता येते. मार्च २०२५ मध्ये लॉरी मार्कनेनला बसवल्याबद्दल युटा संघाला १ लाखाचा दंड झाला. तो हंगाम त्यांनी १७ विजयांवर संपवला. हरलं की ड्राफ्टमध्ये वरची निवड मिळण्याची शक्यता वाढते, अशा संघाने आपला सर्वोत्तम खेळाडू बसवला तर दंड व्हायलाच हवा.

इथवर मी लीगच्या बाजूने आहे. ६५ सामन्यांच्या अटीपाशी मात्र थांबते.

एमव्हीपी (हंगामातला सर्वोत्तम खेळाडू), ऑल-एनबीए अशा मानांसाठी ८२ पैकी किमान ६५ सामने खेळायचे, आणि काही किरकोळ सूट सोडली तर प्रत्येकात निदान २० मिनिटं. नुसता मान असता तर गोष्ट वेगळी होती. पण ऑल-एनबीएवर कराराची रक्कम ठरते. जानेवारी २०२४ मध्ये इंडियानाच्या टायरीस हॅलिबर्टनचा मांडीचा स्नायू दुखावला. ऑल-एनबीए झाला तर त्याच्या पाच वर्षांच्या करारात सुमारे ४ कोटी डॉलरची भर पडणार होती. तो परतला तो मिनिटांची मर्यादा ठेवूनच, आणि ही अट चुकीची असल्याचं तेव्हाच उघड बोलला. त्याचे ६९ सामने भरले आणि पैसे मिळाले. त्याच महिन्यात फिलाडेल्फियाचा जोएल एम्बीड, आदल्या वर्षाचा एमव्हीपी, एक-दोन सामने चुकवल्यावर टीकेचा धनी झाला होता. ३० जानेवारीला तो गोल्डन स्टेटविरुद्ध उतरला, डाव्या गुडघ्यावर दुसरा खेळाडू पडला आणि शस्त्रक्रिया करावी लागली. तो अटीमुळेच उतरला असं मी म्हणणार नाही, पण प्रत्येक चुकलेला सामना मोजला जात होता, हे त्यालाही ठाऊक होतं.

असं का खेळलं जातं, हे मला चांगलं कळतं. बारावीला मी जिल्ह्याच्या संघात होते. विभागीय जिंकलं तर राज्य स्पर्धा, आणि राज्य स्पर्धा खेळली तर क्रीडा गुण. उपांत्य सामन्याच्या रात्री उजवा गुडघा इतका सुजला की नी-कॅप चढेना. खेळ म्हणून मला कुणीही सांगितलं नाही. सरांनी फक्त विचारलं, “जमेल ना?” मी हो म्हटलं, कारण डोळ्यापुढे ते गुण होते. सकाळी सिमेंटच्या कोर्टवर खेळले. गुण मिळाले. पण मांडी घालून जमिनीवर बसणं तेव्हापासून बंद झालं ते झालंच. सही करणारे, ठरवणारे सगळे मोठे होते आणि निर्णय मात्र सतरा वर्षांच्या मुलीवर सोडलेला होता.

लीगचीही बाजू आहे. जानेवारी २०२४ मध्ये त्यांनी संघांना दहा हंगामांच्या आकडेवारीचा अहवाल दिला. विश्रांतीमुळे पुढच्या दुखापती कमी झाल्याचं त्यात दिसलं नाही. पण विश्रांती बहुतेकदा ज्याचं आधीच काहीतरी कुरकुरतंय त्यालाच देतात. त्याची तुलना ठणठणीत माणसाशी केली तर फरक कुठून दिसणार?

आणि मूळ दुखणं कुणी हातच लावत नाही. ८२ सामन्यांचं वेळापत्रक १९६७-६८ पासून चालत आलंय. सहा महिन्यांच्या आत ८२ सामने, त्यात साधारण १५ वेळा लागोपाठ दोन दिवस, मधे विमानप्रवास. सामने ७२ केले तर मालकांचं तिकिटांचं आणि टीव्हीचं उत्पन्न घटेल, आणि ठरलेला वाटा असल्याने खेळाडूंचंही घटेल. तेवढं दोघांनी सोसावं, असं मला वाटतं. ६५ च्या अटीत ते सगळं एकट्या खेळाडूच्या सांध्यावर येतं.

तुमच्या ‘विश्रांती कशाला’ला बुमराचं उदाहरण देते. २०२५ च्या इंग्लंड दौऱ्यात तो पाचपैकी तीनच कसोट्या खेळणार, हे दौऱ्याआधीच जाहीर झालं होतं. ओव्हलवर तो नव्हता, आपण सहा धावांनी जिंकलो. लोक नाराज झाले असतील, पण पार्किंगमध्ये पोचल्यावर कुणाला कळलं नाही.

तुमच्या सामन्याचं म्हणाल, तर दोन्ही संघांचं वेळापत्रक बघा आणि ज्याला बघायचंय त्याचा लागोपाठच्या दिवसांतला दुसरा सामना टाळा. तो पाहुणा म्हणून येतोय असा सामना निवडलात तर जास्त बरं. आदल्या दिवशी संध्याकाळी पाचपर्यंत संघाला दुखापतींची यादी जाहीर करावी लागते, ती बघूनच भावाला गाडी काढायला सांगा. त्या वाढदिवसाच्या पुढच्या वर्षी आम्हीही असंच ठरवून गेलो. तोच खेळाडू, ३६ मिनिटं खेळला. जर्सी लेकीला एव्हाना आखूड झाली होती, तरी तीच घालून आली होती.