तुमचे प्रश्न : टक्के किती पडतील ते पडतील, फॉर्म तरी नीट भरूया

प्रश्न : ताई, आम्ही भांडुपला राहतो. मुलगी मराठी मीडियमला दहावीत आहे, प्रिलिमला ८१ टक्के आलेत. तिला अकरावी सायन्स माटुंग्याच्या रुईया कॉलेजलाच करायचंय. शेजारचे म्हणतात एवढ्या टक्क्यांत ते नावच घेऊ नका, आणि फॉर्ममध्ये वर मोठं कॉलेज टाकलं तर खालचंही हातचं जातं. तिचा चान्स वाढावा म्हणून आत्ता काय करता येईल?
– एक आई

उत्तर : शेजारच्यांचं ते दुसरं वाक्य आधी डोक्यातून काढून टाका. दरवर्षी किमान दहा आया मला हेच विचारतात आणि या एका गैरसमजामुळे चांगली मुलं भलत्याच कॉलेजात जाऊन बसतात. अकरावीचं अॅडमिशन ऑनलाइन होतं, त्यात कॉम्प्युटर मुलांना मार्कांनुसार रांगेत उभं करतो आणि एकेकाची यादी वरून वाचत येतो. पहिल्या नंबरच्या कॉलेजात तुमच्या मुलीच्या नंबराला जागा आहे का, नसेल तर दुसरं, नसेल तर तिसरं. दुसऱ्या कॉलेजात जागा देताना तिने ते दुसरं लिहिलंय म्हणून मागे ढकलत नाहीत, तिथेही मार्कच बघतात. म्हणजे रुईया वर टाकल्याने मुलुंडचं वझे-केळकर हातचं जात नाही. तिला मनापासून जे हवंय तेच वर असू दे.

एक गोष्ट मात्र घरात सगळ्यांना सांगून ठेवा. पहिल्या नंबरवर लिहिलेलं कॉलेज मिळालं आणि अॅडमिशन घेतलं नाही, तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून नाव बाहेर जातं. म्हणून नंबर एकला असंच कॉलेज हवं की मिळालं तर दुसऱ्या दिवशी कागद घेऊन जाऊ. मैत्रिणीने टाकलं म्हणून आपणही टाकलं, असं तिथे चालत नाही.

आता खरी चूक कुठे होते ते सांगते. गेल्या जूनमध्ये आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये आम्ही चार-पाच जणी मुलांना फॉर्म भरायला मदत करत होतो, तिथे लालबागहून एक बाबा मुलाला घेऊन आले. मुलाला ८४ टक्के, पहिली फेरी होऊन गेलेली आणि नाव कुठेच नाही. फॉर्म बघितला तर १० कॉलेजं टाकता येत असताना त्याने ३ टाकलेली, तिन्ही अशी की सायन्सचा कट-ऑफ, म्हणजे शेवटच्या अॅडमिशनचे टक्के, नव्वदीच्या पुढे. बाबांच्या हातात मोबाईल, दर दोन मिनिटांनी स्क्रीन खाली ओढून बघत होते की काही बदललंय का. मुलगा काही बोलतच नव्हता. घराजवळची दोन बरी कॉलेजं पहिल्या फेरीत त्याला सहज मिळाली असती, पण ती यादीतच नव्हती आणि तिथल्या बऱ्याचशा जागा तोवर भरून गेल्या होत्या. मग त्या रात्री वहीत पेन्सिलने तीन रकाने आखले. पहिल्यात स्वप्नातली कॉलेजं, दुसऱ्यात गेल्या वर्षीचा कट-ऑफ त्याच्या मार्कांच्या एक-दोन टक्के मागेपुढे आहे ती, तिसऱ्यात त्याच्या मार्कांना नक्की मिळतील आणि मिळाली तर आनंदाने जाईल अशी. सगळी १० भरली. दुसऱ्या फेरीत लागला. तुम्हीही असे तीन रकाने आत्ताच आखून ठेवा, निकाल लागला की टक्क्यांप्रमाणे नावं वरखाली करायची फक्त. कट-ऑफ बघताना पहिल्या फेरीचा आणि नंतरच्या फेऱ्यांचा वेगवेगळा बघा, आणि तुमच्या कॅटेगरीचाच बघा, दुसऱ्याचा बघून उगाच घाबरायचं नाही.

आणि हो, भाषिक किंवा धार्मिक अल्पसंख्याक कॉलेज असेल तर निम्म्या जागा त्या समाजाच्या मुलांना असतात, उरलेल्यांत आपण. त्यामुळे तिथला कट-ऑफ वर जातो, हे लक्षात ठेवून ते नाव कुठल्या रकान्यात घालायचं ते ठरवा.

मार्कांचं म्हणाल तर अजून हातात बरंच आहे. आपल्या बोर्डात सहा विषयांतले सर्वात चांगले पाच धरतात, म्हणजे ५०० पैकी टक्केवारी. तेव्हा प्रिलिमचे पेपर शाळेतून मागून घ्या आणि तिच्याबरोबर एक संध्याकाळ बसून बघा की मार्क नेमके कुठे गेलेत. गणिताचे बीजगणित आणि भूमिती असे ४०-४० चे दोन पेपर असतात, बऱ्याच मुलींचं एकात चांगलं असतं आणि दुसऱ्यात पायऱ्या सुटलेल्या असतात. तो एक पेपर सुधारला तर ७-८ मार्क सहज वाढतात. नवीन क्लास लावून काही होत नाही आता, स्वतःची उत्तरपत्रिका वाचून होतं.

अजून एक, आणि हे विचारायला उशीर करू नका. तिने एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षा दिल्या आहेत का? इंटरमिजिएटला ए ग्रेड असेल तर ७, बी ला ५, सी ला ३ मार्क दहावीत वाढून मिळतात. ७ मार्क म्हणजे ५०० पैकी जवळजवळ दीड टक्का, आणि कट-ऑफच्या सीमेवर दीड टक्का म्हणजे एक अख्खं कॉलेज. पण हे आपोआप मिळत नाहीत, शाळेला प्रस्ताव बोर्डाकडे मुदतीत पाठवावा लागतो. सर्टिफिकेट कपाटात असेल तर उद्याच शाळेत क्लार्कना विचारून या. राज्य, राष्ट्रीय पातळीवर खेळली असेल तर त्याचंही विचारा.

प्रवासाचाही विचार करा ताई. भांडुपहून माटुंगा म्हणजे सकाळी ऐन गर्दीची लोकल, सीएसएमटीकडे जाणारी. मुलुंड दोन स्टेशनं आणि उलट्या दिशेने. अकरावी-बारावी सायन्सला प्रॅक्टिकल, क्लास, सीईटीचा म्हणजे प्रवेश परीक्षेचा अभ्यास, त्यात रोज दीड-दोन तास उभ्याने गेले तर काय उरतं ते तिच्याशीच बोला. तिने सगळं ऐकून तरी रुईयाच म्हटलं तर मनापासून वर टाका, माझी काहीच हरकत नाही.

प्रश्न : मी बारावी कॉमर्सला आहे, ६० च्या आसपास पडतील असं वाटतंय. मला बीएमएस, म्हणजे मॅनेजमेंटची डिग्री, करायचंय. एवढ्यात होईल का?
– एक विद्यार्थी, दादर

उत्तर : होईल रे, पण नुसते बारावीचे टक्के धरून बसू नकोस. २०२४ पासून बीएमएस, बीबीए, बीसीए यांना राज्य सीईटी सेलची वेगळी सीईटी आहे. तिचा फॉर्म बारावीच्या निकालाच्या कितीतरी आधी भरायचा असतो, आणि दरवर्षी मुलं निकालानंतर जागी होतात. आज रात्रीच सीईटी सेलच्या साईटवर तारीख बघ. काही कॉलेजांनी तोच अभ्यास बीकॉम मॅनेजमेंट स्टडीज अशा नावाने ठेवलाय, तिथे सीईटी लागत नाही, बारावीच्या मार्कांवर मेरिट लिस्ट लागते. दोन्ही दारं उघडी ठेव.

मुंबई युनिव्हर्सिटीच्या डिग्रीसाठी आधी युनिव्हर्सिटीच्या साईटवर प्री-एनरोलमेंट म्हणजे पूर्वनोंदणी करावी लागते आणि मग प्रत्येक कॉलेजचा वेगळा फॉर्म. पहिलं केलं आणि दुसरं राहिलं असं होऊ देऊ नकोस. तू आत्ता ज्या ज्युनियर कॉलेजात आहेस त्याचं डिग्री कॉलेज असेल तर आधी तिथेच विचार, कारण आपल्याच ज्युनियर कॉलेजच्या मुलांना आधी घेतात. ६० टक्क्यांना बाहेरून जे अवघड जातं ते आतून पुष्कळदा मिळून जातं. (वरच्या ताईंच्या लेकीने आर्ट्स-कॉमर्सचा विचार केला तर अकरावीचं कॉलेज निवडतानाच हे बघावं.)

प्रश्न : नॉन क्रिमीलेयर गेल्या वर्षीचं आहे, चालेल का?
– एक पालक, कांदिवली

उत्तर : आरक्षणासाठी लागणाऱ्या या सर्टिफिकेटवर ते किती तारखेपर्यंत वैध आहे ते छापलेलं असतं, आधी तेच वाचा. ही मुदत ३१ मार्चला संपते आणि अॅडमिशन मे-जूनमध्ये, म्हणून बरेच जण इथेच अडकतात. संपत असेल तर आपले सरकार पोर्टलवर किंवा सेतू केंद्रात नव्यासाठी अर्ज करा आणि पावती जपून ठेवा. मे महिन्यात तिथे रांग बाहेर रस्त्यावर येते. कागद काढताना मुलाचं नाव दाखल्यावर आणि मार्कशीटवर एकसारखं आहे का तेही बघा, एका वेलांटीसाठी पुन्हा फेऱ्या मारणारे पालक मी पाहिलेत.