बांधीतलं सारसाचं घरटं

प्रश्न : रोवणी होऊन महिना झाला. बांधीच्या (बांध घातलेल्या धानाच्या शेताच्या) मधोमध सारस पक्ष्याच्या जोडीनं धान उपटून ढीग घातलाय, त्यात दोन अंडी आहेत. शेजारी म्हणतात, अंडी उचलून तलावाच्या काठाला ठेव, जोडी तिकडे जाईल. आठवड्यात औषध मारायचं आहे. काय करू? आणि एक मेला की दुसरा जीव देतो, हे खरं का?
– एक शेतकरी, जि. गोंदिया

उत्तर : भाऊ, अंडी हलवू नका. जोडी अंड्यांमागे जात नाही, ती घरट्यावरच परत येते. वन्यजीव संरक्षण कायद्यानं (१९७२) अंडी उचलणं हा गुन्हाही आहे. आजच तुमच्या बीटच्या वनरक्षकाला कळवा.

धान किती गेलं, ते धुऱ्यावरूनच, म्हणजे बांधावरूनच बघा. खाटेएवढी जागा, फार तर दोन खाटा. मी लहान असताना आमच्या बोडीशेजारच्या (छोट्या तळ्याशेजारच्या) बांधीत असंच घरटं होतं. एका रात्री मुसळधार पाऊस झाला, सकाळी बांधी तुडुंब. वडील मला धुऱ्यावर घेऊन गेले. मादी अंड्यांवर उभी होती, नर चोचीनं गवत, धसकटं ओढून तिच्या पायाशी टाकत होता आणि ती ते अंड्यांखाली सारत होती. दुपारपर्यंत ढीग वीतभर उंच झाला. वडिलांनी त्या दिवशी बांधीचं पाणी मुद्दाम हळूहळू काढलं. तुम्हीही पाणी एकदम फोडू नका आणि बांधी कोरडीही पडू देऊ नका. पाणी आटलं की कुत्री थेट घरट्यापर्यंत जातात.

खरी काळजी औषधाची. भरतपूरच्या केवलादेव उद्यानात १९८०च्या दशकाच्या शेवटी आजूबाजूच्या शेतातल्या ऑल्ड्रिन या कीटकनाशकानं सारस मेले होते. दाणेदार औषध तर टाकूच नका, पाखरं ते दाणा समजून टिपतात. कीड खरंच वाढली आहे का, हे कृषी सहायकांना दाखवा. फवारावंच लागलं तर घरट्याची बांधी सोडून बाकीच्यांत फवारा, वारा बघून. अंडी उबायला महिनाभर लागतो, नर-मादी आळीपाळीनं बसतात. फोटोसाठी माणसं येऊ लागली तर त्यांना धुऱ्यावरच थांबवा. जोडी उठली की कावळा अंड्यावर टपलेलाच असतो.

जीव देण्याबद्दल : जोडी वर्षानुवर्षं टिकते, म्हणून ही समजूत पडली असावी. पण जोडीदार गेल्यावर सारस नवी जोडी जमवतो. या गोष्टीवर मी बोट ठेवते, कारण तिच्यापायी आपण रडतो आणि जोडीदार गेला कशानं, ते विचारत नाही. विजेच्या तारेनं? विषानं? महाराष्ट्रात सारस उरलाय तो मुख्यतः आपल्या गोंदिया-भंडाऱ्याकडे, मालगुजारी तलाव (मालगुजारांच्या काळातले जुने गावतलाव) आणि धानाच्या बांध्यांच्या आधारानं. इथली एक जोडी गेली तर तिची जागा घ्यायला दुसरी कुठून येणार?

पहाटे त्यांचं आवाज देणं ऐका. नराच्या एका हाकेला मादी दोन हाका देते. पिल्लू निघाल्यावर दोनेक दिवसांत आईबापामागे पाण्यात उतरतं, उडायला मात्र तीनेक महिने लागतात. तोवर कापणी येईल. कापायला लागण्याआधी मजुरांना बांधीतून एक फेरी मारायला सांगा. पिल्लू घाबरलं की धानात दबून बसतं, विळा जवळ येईपर्यंत दिसत नाही.

पिल्लं निघाली की मला कळवा. एक की दोन, एवढंच लिहिलं तरी चालेल.