गुहागरच्या घराला रिमोटचं दार, आणि साताऱ्यातली ठेव

साताऱ्याच्या एका वाचकाचं पत्र थोडक्यात असं. वय ६३, जिल्हा परिषदेतून निवृत्त, पेन्शन सुरू. राहतं घर शाहूपुरीत, वडिलोपार्जित घर गुहागरजवळ, समुद्रापासून साधारण तीनशे मीटरवर. त्या घराला लागून चिऱ्याची गाडीची खोली आहे आणि तिचं जुनं लोखंडी शटर खालून कुजलंय. नव्या दारासाठी तीन कोटेशनं आली. पुण्याहून येणारं मोटर-रिमोटचं सेक्शनल (आडव्या फळ्यांचं, वर सरकणारं) दार २,१५,००० अधिक १८ टक्के जीएसटी. अ‍ॅल्युमिनियम पट्ट्यांचं, हँडलनं फिरवायचं शटर सगळं धरून ९६,०००. चिपळूणच्या फॅब्रिकेटरचं साधं जीआय (जस्ताचा थर दिलेल्या लोखंडी पत्र्याचं) शटर ३२,०००, बिलाशिवाय. माप दहा फूट रुंद, आठ फूट उंच. मुलीचा आग्रह रिमोटचा, कारण भर पावसात गाडीतून उतरायला नको. पैसे ज्येष्ठ नागरिक बचत योजनेतून काढावेत की पतसंस्थेतल्या दोन लाखांच्या ठेवीतून, हा त्यांचा प्रश्न. घर अजूनही वाचक धरून तिघा भावांचं सामाईक आहे, हे पत्राच्या शेवटच्या ओळीत जाता जाता आलंय.

नमस्कार. मी त्या शेवटच्या ओळीपासूनच सुरुवात करतो, कारण माझ्या दृष्टीनं सगळा निर्णय तिच्यात आहे. दार किती वर्षं टिकेल हे तुम्ही तिन्ही विक्रेत्यांना विचारलंत. ते दार तुमच्याकडे किती वर्षं राहील, हे भावांना विचारलेलं दिसत नाही. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ ला तुमचं नाव लागलेलं आहे आणि घरपट्टी तुम्हीच भरता, असं लिहिलंय. ती नोंद कर आकारणीसाठी असते, तिनं मालकी ठरत नाही. उद्या वाटणी झाली आणि गाडीची खोली धाकट्या भावाच्या वाट्याला गेली, तर अडीच लाखांचं दार भिंतीसकट त्याचं. कोकणातल्या घरांवर मुंबई-पुणे-साताऱ्याच्या भावांनी भावनेच्या भरात केलेला खर्च वाटणीच्या दिवशी कोणी हिशोबात धरत नाही. एक जण म्हणतो, ‘मी रंग दिला होता’, दुसरा म्हणतो, ‘विहीर मी उपसली.’ त्यामुळे आधी नोंदणीकृत वाटणीपत्र किंवा हक्कसोडपत्र, मग महागडं दार. कागद व्हायला दोन-तीन वर्षं लागणार असतील तर दारही त्या बेतानंच घ्यायचं.

आता पैसे कुठून. ज्येष्ठ नागरिक योजनेची मर्यादा २०२३ च्या एप्रिलमध्ये १५ लाखांवरून ३० लाख झाली, त्यानंतर ऑगस्टमध्ये तुम्ही एकाच खात्यात १५ लाख टाकलेत, ८.२ टक्क्यांनी. त्यातून अडीच लाख सुटे काढता येत नाहीत. खातं अख्खं बंद करावं लागतं, आणि दोन वर्षांनंतर पण मुदतीआधी बंद केलं तर मुद्दलाच्या एक टक्का कापतात. म्हणजे १५,००० रुपये गेले. दाराची किंमत जीएसटीसह २,५३,७००, तेवढ्या रकमेवर ८.२ टक्क्यांनी वर्षाला २०,८०० च्या आसपास व्याज येतं. दर तिमाहीला जे ५,२०० रुपये खात्यात जमा होतात, ते बंद. उरलेले पैसे नव्या खात्यात टाकले तरी त्या दिवशीचा दर लागणार, तो ८.२ असेलच असं नाही. या खात्याला हात लावू नका. हे मी कोणत्याही दारासाठी म्हणेन, सागवानाच्या कोरीव दारासाठीसुद्धा.

पतसंस्थेची ठेव मात्र मोकळी करायला हरकत नाही, उलट करायलाच हवी. बँकेतल्या ठेवींना, सहकारी बँकांसकट, प्रत्येक ठेवीदाराला एका बँकेत पाच लाखांपर्यंत विमा संरक्षण आहे. पतसंस्थेला ते नाही. तुमची ठेव दिवाळीनंतर संपतेय. ती मुदतीआधी मोडून दंड भरू नका, संपू द्या, दारापुरते पैसे काढा आणि बाकीचे बँकेत वळवा. दार बसवायला तोच काळ बरा. मे महिन्यात सगळं कोकण पावसाच्या तयारीला लागतं, तेव्हा फॅब्रिकेटर फोनही उचलत नाही, आणि घाईत मारलेला रंग पहिल्या जूनमध्येच फुगतो.

मुलीच्या म्हणण्यात तथ्य आहे, ते मी उडवून लावत नाही. पावसात, काळोखात, नातवंडं गाडीत असताना जड शटर उचलणं त्रासाचंच. पण तुमचं येणं-जाणं बघा. शिमगा, मे महिना, गणपती, आणि अधूनमधून कुंभार्ली घाट उतरून दोन दिवस. वर्षाला चाळीस दिवस मुक्काम आणि दिवसाला चार वेळा उघडझाप धरली तर १६० वेळा. असल्या दारांच्या टॉर्शन स्प्रिंगा (दाराचं वजन पेलणाऱ्या, पिळाच्या) साधारण १०,००० उघडझापींच्या हिशोबानं बनवतात, म्हणजे तुमच्या वापरात साठ वर्षं! प्रत्यक्षात तिथली स्प्रिंग वापरानं झिजत नाही, खाऱ्या हवेनं जाते. तीन हजार मिलिमीटरच्या पुढचा पाऊस, त्यात समुद्राकडून येणारे मिठाचे कण, आणि दार महिनोन्महिने न हललेलं. मोटरच्या डब्यात मुंग्या आणि पाली घर करतात, सर्किटवर ओल धरते. तुम्ही साताऱ्यात असता तेव्हा गाडीही साताऱ्यात असते, म्हणजे वर्षातले सव्वातीनशे दिवस हे दार जुनी स्कूटर, आंब्याच्या पेट्या आणि शिडी सांभाळणार.

शिवाय वीज. निसर्ग चक्रीवादळ ३ जून २०२० ला आलं तेव्हा दापोली-मंडणगडकडच्या कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. पुढच्याच मे महिन्यात तौक्ते किनाऱ्याला समांतर गेलं. वादळ सोडा, साध्या पावसातही तिथे लाईट जाते. मोटरच्या दाराला हातानं सोडवायची दोरी असते, पण ती आतून. तुमच्या खोलीला दुसरं दार नाही. बाहेरून किल्लीनं सोडवायची सोय त्या कोटेशनमध्ये नाही, मी दोनदा वाचलं. म्हणजे गणपतीच्या आदल्या रात्री, लाईट नसताना, तुम्ही रिमोट हातात धरून पावसात उभे.

दहा वर्षांचा खर्च मांडून पाहिला. देखभालीचे आकडे कोटेशनमध्ये आहेत तिथे तेच घेतले, बाकीचे माझ्या अंदाजानं. मोटरच्या दाराला दुसऱ्या वर्षापासून ८,००० अधिक जीएसटी, म्हणजे ९,४४० चा वार्षिक करार. नऊ वर्षांचे ८४,९६०. एकूण ३,३८,६६०, आणि यात स्प्रिंग किंवा सर्किट बदलणं धरलेलं नाही. अ‍ॅल्युमिनियमला वर्षाला अडीच हजारांची देखभाल धरली तर १,१८,५००. जीआय शटर बिलासह घ्या, ते ३७,७६० ला पडेल. दर दोन वर्षांनी रंगाचे सहा हजार, चार वेळा. मध्ये एकदा खालच्या पट्ट्या बदलायला बारा हजार. एकूण ७३,७६०.

म्हणजे कागदावर सगळ्यात स्वस्त जीआय, अ‍ॅल्युमिनियमपेक्षा जवळपास ४५ हजारांनी. तरीही हे गणित एका गोष्टीवर उभं आहे: दर दोन वर्षांनी कोणीतरी समोर उभं राहून रंग मारून घेणार. एक खेप चुकली की खालची पट्टी गेली, दोन चुकल्या की गाईड चॅनेल (शटर ज्यातून सरकतं ती बाजूची पट्टी) गेलं. पत्रावरून वाटतं की तुम्ही हे काम वेळेवर करणाऱ्यातले आहात, पण ७३ व्या वर्षीही दर दोन वर्षांनी घाट उतरून रंगाऱ्यामागे उभे राहाल का, हे तुम्हीच ठरवा.

माझं मत असं. वाटणीचे कागद होईपर्यंत जीआय शटर बसवा, चार-पाच वर्षांच्या हिशोबानं. कागद आधी झाले आणि खोली तुमच्या नावावर आली, तर अ‍ॅल्युमिनियम घ्या. तिसरा रस्ताही आहे आणि मला तो सगळ्यात आवडतो: तिन्ही भावांनी मिळून अ‍ॅल्युमिनियम बसवा. तुमच्या वाट्याला ३२,००० येतात, चिपळूणच्या कोटेशनइतकेच. पैसे मागितल्यावर कोण काय बोलतो यावरून घराचं पुढं काय होणार हेही कळेल. मोटर नंतर बसवायची असेल तर अ‍ॅल्युमिनियम शटरला तशी जागा आत्ताच ठेवून घेता येते, तेवढं विचारून ठेवा. मुलीला रिमोट हवाच असेल तर तो शाहूपुरीच्या घराला बसवा. तिथे गाडी रोज आत-बाहेर होते, बिघाड झाला तर माणूस दुपारपर्यंत दारात येतो आणि हवेत मीठ नाही.

दुकानदार म्हणाला की हा खर्च पुढे घर विकताना करात वजा होईल. भांडवली सुधारणा धरता येते, डागडुजी नाही, आणि कुजलेल्या शटरच्या जागी दुसरं शटर हे डागडुजीकडेच झुकतं. मान्य झालंच तरी भांडवली नफ्यावरच्या साडेबारा टक्के दरानं अडीच लाखांच्या दारावर ३१,७०० च्या आसपास वाचतील, तेही घर विकाल तेव्हा. त्यासाठी आज दार घेऊ नये.

आता बसवण्याबद्दल, कारण इथे वाचवलेला रुपया पुढे पाच रुपये मागतो. चिऱ्याच्या भिंतीत फास्टनर नीट धरत नाही, चिरा भुसभुशीत होऊन सुटतो. दोन्ही बाजूंना आरसीसीचे खांब आणि वर लिंटेल आहे का ते पाहा. नसेल तर तो खर्च कोणाच्याच कोटेशनमध्ये नाही, आधी गवंड्याकडून आकडा घ्या. जीआय घेतलंत तर बिलावर पत्र्याची जाडी आणि जस्ताचा थर लिहून घ्या: २७५ जीएसएम (चौरस मीटरला ग्रॅम). बाजारात १२० चाही मिळतो आणि रंग दिल्यावर दोन्ही सारखेच दिसतात. कापलेल्या कडा आणि ड्रिलची भोकं जस्ताच्या रंगानं बंद करायला लावा, गंज तिथूनच शिरतो. अ‍ॅल्युमिनियमला साधे लोखंडी स्क्रू चालणार नाहीत. ३१६ ग्रेडचं स्टेनलेस आणि मध्ये नायलॉनचे वॉशर घ्या. ३०४ ग्रेडला समुद्राजवळ तांबूस डाग पडतात. उंबऱ्याला बाहेर उतार हवा, पाणी साचलं की कोणत्याही धातूची खालची पट्टी आधी जाते. वरच्या दोन-तीन पट्ट्या जाळीच्या घ्या, नाहीतर बंद खोलीत ओल कोंडून स्कूटरच गंजेल. गाईडला ग्रीस लावू नका, वाळू चिकटते. पाऊस संपल्यावर गोड्या पाण्यानं धुवायचं, सुकलं की सिलिकॉन स्प्रे मारायचा.

वॉरंटी वाचताना समुद्रापासूनच्या अंतराची अट शोधा. अनेक कंपन्या किनाऱ्याजवळच्या घरांना गंजाची वॉरंटी देत नाहीत किंवा मुदत कमी करतात, आणि ही ओळ नेहमी मागच्या पानावर असते. विम्याबद्दल विचारलंत: ‘भारत गृह रक्षा’ पॉलिसीत वादळ, पूर यांचं नुकसान येतं, हळूहळू चढलेला गंज येत नाही. साध्या घरफोडीसाठी वेगळं संरक्षण घ्यावं लागतं. घर महिनोन्महिने बंद असतं हे अर्जात लपवू नका, आणि त्याबद्दलची अट लेखी मागा.

पैसे देताना चाळीस टक्के आगाऊ, पन्नास टक्के दार बसून सहज फिरल्यावर, आणि शेवटचे दहा टक्के पहिला पाऊस संपल्यावर, ऑक्टोबरमध्ये. जीआय शटरवर हे ३,८०० च्या आसपास, अ‍ॅल्युमिनियमवर ९,६००. फॅब्रिकेटर कुरकुर करेल. पाच टक्क्यांवर आला तरी चालेल, त्याहून खाली जाऊ नका. आणि भावांना फोन कोटेशनवर सही करण्याआधी करा, नंतर नको.