एसएपीमध्ये चुकीच्या तारखेने पडलेली प्रमोशनची अ‍ॅक्शन डिलीट करून परत टाकली तर चालेल का?

तुम्ही लिहिलंय की प्रमोशन १ एप्रिलपासून होतं, एसएपीत (कंपनीच्या एचआर-पगाराच्या सॉफ्टवेअरमध्ये) तिची अ‍ॅक्शन, म्हणजे नोंद, चुकून १ मेची पडली, आणि साहेब म्हणतायत "डिलीट मार, परत टाक, कोण बघतंय". त्या 'कोण बघतंय'साठी हे उत्तर लिहायला बसलेय. कोण बघतं ते मला माहितीये. तो माणूस रिटायर होतो त्या दिवशी बघतो.

२०१६ची गोष्ट. आमची कंपनी गाड्यांचे पार्ट बनवते, जुना प्लांट भोसरीला, नवीन चाकणला. भोसरीची एक लाईन चाकणला हलवली आणि तिच्यावरचे बारा ऑपरेटर पण तिकडे गेले. कंपनी तीच, पीएफ तोच, फक्त प्लांट बदलला. एसएपीत ही साधी बदलीची अ‍ॅक्शन आहे, पीए४०ला (अ‍ॅक्शनच्या स्क्रीनला) जायचं, बदली निवडायची, पर्सोनेल एरिया म्हणजे प्लांट बदलायचा, ०००१ची (पद आणि प्लांटच्या रेकॉर्डची) स्क्रीन आपोआप पुढ्यात येते, सेव्ह. पण आमच्या तेव्हाच्या साहेबांना ते किचकट वाटलं. म्हणाले, "जुन्या एम्प्लॉयी नंबरला लीव्हिंग टाक आणि चाकणला फ्रेश हायरिंग कर, नवा प्लांट नवा नंबर, भानगड नको." मी म्हटलं सर, अशाने सर्व्हिस तुटेल. तर म्हणे सर्व्हिस कागदावर असते, सिस्टीममध्ये काय लिहिलंय त्याने काय फरक पडतो. मी तेव्हा ज्युनियर होते, टाकल्या बाराच्या बारा, माझ्याच युजर आयडीने.

जून २०२१ला त्यातले एक काका ५८ पूर्ण होऊन रिटायर झाले आणि त्यांची फुल अँड फायनलची (शेवटच्या हिशोबाची) शीट चेकिंगला माझ्याकडे आली. ग्रॅच्युइटीच्या समोर ७५,०००. शेवटचा बेसिक आणि डीए मिळून २६,०००, त्याला २६ने भागून १५ने गुणलं की वर्षाला १५,००० येतात, तिथपर्यंत सगळं बरोबर. पण वर्षं धरली होती ५. काका कामाला लागले होते जून १९९४ला, म्हणजे २७ वर्षांचे ४,०५,००० व्हायला पाहिजेत. सिस्टीमची यात काही चूक नव्हती, तिला आम्हीच सांगितलं होतं की हा माणूस २०१६ला आला.

काका टाईम ऑफिसच्या खिडकीशी उभे होते. प्लास्टिकच्या पिशवीतून त्यांनी अपॉइंटमेंट लेटर काढलं, घड्यांवर लावलेला सेलोटेप पिवळा पडलेला, कोपऱ्यात निळ्या शाईने भोसरीचा टोकन नंबर. आवाज अजिबात चढवला नाही. एवढंच म्हणाले, "ताई, मोजताना कुठं चुकलंय का बघा, मी चौऱ्याण्णवच्या जूनपासून आहे." मला त्यांच्याकडे वर बघवेना.

आणि साहेबांचा उपाय काय, तर "चाकणच्या हायरिंगची तारीखच १९९४ करून टाक, विषय संपला." म्हणजे एक खोटं झाकायला दुसरं. त्या नंबरला २०१६च्या आधीचं ना ०००१ ना ०००८ (पगाराचं रेकॉर्ड), शिवाय भोसरीचा नंबर २०१६पर्यंत चालू, मग एकच माणूस बावीस वर्षं दोन नंबरांवर कामाला दिसणार. ऑडिटरने विचारलं तर उत्तर काय देणार? मी सरळ सांगितलं की मी हे करणार नाही, पाहिजे तर तुमच्या आयडीने करा. ते त्यांनी केलं नाही. मग गोडाऊनमधून भोसरीच्या पर्सनल फायली काढल्या, बदलीच्या ऑर्डरची कॉपी युनियनवाल्यांकडे सापडली, ००४१मध्ये (तारखांच्या रेकॉर्डात) मूळ जॉइनिंगची तारीख टाकली, दोन्ही नंबर एकाच माणसाचे आहेत अशी नोट सही-शिक्क्यासकट फाईलला लावली आणि तारीख त्या ००४१वरून धरून हिशोब परत केला. तेव्हाच्या १९७२च्या ग्रॅच्युइटी कायद्यात ३० दिवसांत पैसे द्यायचे होते, उशीर झाला की व्याज, आम्ही २८व्या दिवशी दिले. बाकीच्या अकरा जणांचं पण तेव्हाच करून घेतलं. साहेबांचं अजून म्हणणं आहे की मी एका माणसासाठी तीन आठवडे घालवले. हो, घालवले, आणि ३,३०,००० रुपये ज्याचे त्याला मिळाले.

आता तुमचं. एक तर ००००मधली (अ‍ॅक्शनच्या रेकॉर्डातली) अ‍ॅक्शन उडवली म्हणजे सगळं उडालं असं होत नाही, तिच्यासोबत तयार झालेली ०००१ आणि ०००८ची रेकॉर्डं तशीच राहतात, ती एकेक करून काढावी लागतात. बरेच जण इथेच फसतात, पद जुनं आणि पगार नवा असं काहीतरी होऊन बसतं. मेचा पेरोल झाला नसेल तर आधी सगळ्या स्क्रीनचे प्रिंट काढून ठेवा, मग रेकॉर्डं काढा आणि १ एप्रिलने अ‍ॅक्शन परत चालवा, रीझन बरोबर निवडा, 'इतर' टाकून मोकळं होऊ नका. एप्रिलचा पेरोल झालाय, त्यामुळे रेट्रो (मागच्या महिन्याचा पगार परत मोजणं) लागेल आणि फरक एरिअर म्हणून येईल, तो पे स्लिपवर दिसू दे, लपवायची काही गरज नाही. आणि पेन्सिलचा आयकॉन म्हणजे आहे तेच रेकॉर्ड बदलणं, कॉपीचा आयकॉन म्हणजे जुनं आदल्या दिवशी संपवून नवीन चालू करणं, हा फरक साहेबांना एकदा स्क्रीनवर दाखवाच. त्यांना माहीत नसतो, आमच्यांना नव्हता.

हे सगळं ईसीसीवरचं, म्हणजे एसएपीच्या जुन्या आवृत्तीवरचं आहे. सक्सेसफॅक्टर्स (एसएपीचंच क्लाउडवरचं एचआर सॉफ्टवेअर) असेल तर स्क्रीन वेगळ्या, तिथे इव्हेंट आणि इव्हेंट रीझन असतं, पण नवीन रेकॉर्ड टाकायचं की आहे ते दुरुस्त करायचं हा प्रश्न तिथेही येतोच. मेचा पेरोल होऊन गेला असेल तर मात्र कशालाही हात लावायच्या आधी तुमच्या पेरोलवाल्याला शेजारी बसवा. आणि साहेबांना म्हणावं, डिलीट करायला सांगताय तर मेलवर सांगा.