हप्ता ज्याचा, पैसा त्याच्याच हातात

प्रश्न : आमच्या वाडीत एकदमच चौदा घरकुलं मंजूर झाली आहेत. त्यातली नऊ कुटुंबं ऊसतोडीला जातात. एकेकट्यानं बांधून अनुदानाच्या 1 लाख 20 हजारांत भागत नाही, म्हणून बचत गट आणि तरुण मंडळानं मिळून काम हाती घ्यायचं ठरवलंय. सगळ्यांचे हप्ते एका खात्यात गोळा करून एकाच गुत्तेदाराला द्यावेत का?
– एक वाचक, ता. केज, जि. बीड

उत्तर : एकत्र जरूर या, पण हप्ते एकत्र करू नका. प्रधानमंत्री आवास योजनेत (ग्रामीण) गुत्तेदार लावायला मनाई आहे. गवंडी लाभार्थ्यानंच ठरवायचा आणि घर स्वतः उभं करायचं. नियम बाजूला ठेवला तरी चौदा जणांचा पैसा एका खिशात गेला की काय होतं, ते गावोगाव दिसतं: चार घरांवर स्लॅब पडतो आणि बाकीच्या जोत्यांवर बाभळी उगवतात. झालेल्या टप्प्याचा जागेवरचा फोटो योजनेच्या ॲपवर चढल्याशिवाय पुढचा हप्ता निघत नाही. त्यामुळे एकदा अडलेलं घर अडूनच राहतं.

एकत्र करायची ती खरेदी आणि सेंट्रिंग, म्हणजे स्लॅबखालच्या प्लेटा आणि टेकू. घर किमान 25 चौरस मीटरचं, म्हणजे 269 चौरस फूट लागतं. भिंतींची जाडी आणि थोडी पडवी धरून स्लॅब 300 चौरस फुटांचा होतो. तो 4 इंच जाड धरला तर 100 घनफूट, म्हणजे बरोबर एक ब्रास काँक्रीट. एकास दीडास तीन (सिमेंट, वाळू, खडी) या प्रमाणानं त्याला सिमेंटच्या 22-23 गोण्या, जवळजवळ अर्धा ब्रास वाळू आणि पाऊण ब्रासहून थोडी जास्त खडी लागते. चौदा घरांचा आकडा घेऊन दुकानदाराकडे गेलात तर भावात फरक पडतो. पण भाव एकदाच ठरवा आणि माल लागेल तसा उचला. तीन महिने पडून राहिलेल्या सिमेंटचा जोर कमी होतो, आणि पावसाळ्यात तर गोणीत गठ्ठेच बांधतात. बिल प्रत्येकाच्या नावाचं हवं आणि पैसे त्याच्याच खात्यातून जायला हवेत. वाळू-खडीची ट्रॉली आली की टेप लावा: लांबी, रुंदी, उंची फुटांत घेऊन गुणा आणि 100 नं भागा. ‘ट्रॉली म्हणजे ब्रास’ हा हिशेब विकणाऱ्याच्या सोयीचा आहे.

खरा पेच हंगामाचा आहे. दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीची टोळी निघते आणि मार्च-एप्रिलला परतते. विहिरींना पाणी असतं नेमकं त्याच महिन्यांत. ‘एक हंगाम सोडा’ असं सांगणं सोपं आहे, पण मुकादमाकडून उचल (आगाऊ रक्कम) घेतलेली असते, ती फेडणार कोण? म्हणून गावात राहणाऱ्या पाच कुटुंबांची घरं नोव्हेंबर ते जानेवारीत उरकून घ्या. टोळी परतेपर्यंत सेंट्रिंगच्या प्लेटा मोकळ्या होतात. स्लॅबखालचे टेकू 14 दिवस ठेवायचे धरले तर एका संचावर महिन्याला दोनच स्लॅब होतात. एप्रिल ते मध्य जून या दहा आठवड्यांत नऊ घरं करायची तर दोन संच लागतील. स्लॅबवर आळी बांधून इंचभर पाणी भरायला एका वेळी सुमारे 700 लिटर लागतात आणि उन्हात ते रोज आटतं. किमान दहा दिवस ते टिकवायचं आहे. टँकर आधी ठरवा, मगच स्लॅबची तारीख धरा. स्लॅब कोरडा वाळला की भेगा पडतात आणि पहिल्याच पावसात गळतो. पायाही काळ्या मातीत टेकवू नका. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि भिंत तडकते. मुरूम लागेपर्यंत खणा.

माणसं कमी लागतात, पण कामं नेमून द्या. गटातल्या एखाद्या बाईंनी चौदाही पासबुकं तपासावीत: खातं चालू आहे का, आधार कोणत्या बँकेला जोडलंय, नावाचं स्पेलिंग जुळतं का. हप्ता अडतो तो बहुतेक वेळा इथेच. दुसऱ्यानं पंचायत समितीच्या गृहनिर्माण अभियंत्याकडून फोटोची तारीख ठरवून घ्यावी, तिसऱ्यानं मालाची वही ठेवावी. शौचालयाचे 12 हजार आणि रोजगार हमीची 90 दिवसांची मजुरी वेगळी मिळते, ती मागा. मात्र ऊसतोडीला गेलेल्याच्या नावानं इथं मस्टर (हजेरीपट) भरू देऊ नका. चौकशी झाली तर तोही अडकतो.

प्रश्न : आमच्यातल्या तिघांना घरकुल मंजूर आहे, पण स्वतःची जागाच नाही. शेजारचा शेतकरी बाँडवर लिहून द्यायला तयार आहे. घ्यावी का?
– एक वाचक, ता. निलंगा, जि. लातूर

उत्तर : बाँडवर नको, त्यानं मालकी मिळत नाही. पंडित दीनदयाळ उपाध्याय घरकुल जागा खरेदी योजनेतून 500 चौरस फुटांपर्यंत जागा घ्यायला 1 लाखापर्यंत मदत मिळते. तिघांनी लागून जागा घेतली तर रस्ता आणि नळ एकदाच आणावा लागतो. पण खरेदीखत तिघांचं वेगवेगळं आणि नोंदणीकृतच करा. शेतजमिनीचा तुकडा असेल तर तुकडेबंदीचा (फार लहान तुकडा विकायला कायद्यानं असलेल्या मनाईचा) अडसर इसार देण्याआधी सोडवून घ्या, आणि सातबाऱ्यावर बँकेचा किंवा सोसायटीचा बोजा आहे का, तेही तेव्हाच पाहा.