वाचक विचारतात: तानपुरा, सिंथेसायझर आणि एकच सा

प्रश्न : बर्लिनचा एक ध्वनिकलाकार मॉड्युलर सिंथेसायझर (सुटे भाग तारांनी जोडून आवाज घडवणारं विजेचं वाद्य) घेऊन आमच्या गायन-तबल्याच्या गटाबरोबर दांडिया बाजारात तासाभराचा प्रयोग करणार आहे. ध्वनिफिती पाठवून जुळवून पाहिलं, तर त्याचा गंधार चढा लागतो. कोणी कोणाला मिळवून घ्यायचं?
– एक गायिका, रावपुरा, वडोदरा

उत्तर : त्यानं तुम्हाला. त्याचा सूर एका बटणावर सरकतो. तानपुरे, स्वरमंडळ आणि तबला पुन्हा मिळवायचा तर अर्धा तास जातो. सा कळवताना नुसती पट्टी सांगू नका, आकडा द्या. गायक काळी एकमध्ये गात असेल, तर ए ४४० (पाश्चात्त्य ए स्वर ४४० हर्ट्झवर) धरून सा १३८.६ हर्ट्झ; तुम्ही स्वतः ज्या पट्टीत गाता तिचा आकडा ट्यूनरवर पाहून घ्या. युरोपात अनेक ठिकाणी ए ४४२ धरतात, म्हणजे सगळंच साधारण ८ सेंट वर. (अर्ध्या स्वराचे १०० सेंट.)

गंधाराचं दुखणं मात्र वेगळं आहे. कीबोर्डच्या समान भागांच्या सप्तकात शुद्ध गंधार सापासून ४०० सेंटवर असतो, तर तानपुऱ्यातून आपोआप ऐकू येणारा ३८६ वर. हा १४ सेंटचा फरक कान लगेच पकडतो. हार्मोनियमवाल्यांना हे नवं नाही. पंचम आणि शुद्ध मध्यम दोनच सेंटनी हलतात, म्हणून ते खपून जातात. पाहुण्यानं क्वांटायझर (सूर ठरावीक पायऱ्यांवर बसवणारा भाग) बंद करून ऑसिलेटर (सूर निर्माण करणारा भाग) तानपुऱ्यावर कानानं मिळवावा, आणि त्याआधी यंत्र अर्धा तास चालू ठेवून तापू द्यावं. अॅनालॉग ऑसिलेटर थंड असताना सरकतो. आमचं मत विचाराल तर सिंथनं सा, पंचम आणि बिनसुरी खरखर एवढंच धरावं. गंधार गळ्याकडेच राहू दे.

प्रश्न : तानपुऱ्याला पिझो चकती (कंपनं पकडून त्यांची वीज करणारा छोटा मायक्रोफोन) लावली, तर आवाज पत्र्यासारखा येतो आणि खाली सतत घुमघुम असते. तानपुरा बिघडला का?

उत्तर : तानपुरा ठीक आहे. २७ मिलिमीटरच्या नेहमीच्या पिझो चकतीची विद्युतधारिता साधारण २० नॅनोफॅरड असते. ती मिक्सरच्या १० किलोओहमच्या लाइन इनपुटला जोडली की ८०० हर्ट्झच्या खालचं सगळं उतरत जातं. उरतो तो पत्रा. १ मेगओहम किंवा त्याहून जास्त इनपुट असलेला अॅक्टिव्ह डीआय बॉक्स (वाद्य आणि मिक्सर यांच्यामधली जुळवणीची पेटी) मधे घाला. चकती घोडीजवळ तबलीवर दुहेरी टेपनं पक्की बसवा. सैल राहिली तर स्वतःच खरखरते.

घुमघुम बहुतेक वेळा लॅपटॉपच्या चार्जरमधून येते. चार्जर काढून बघा; आवाज गेला, तर तो अर्थिंगचा फेरा (ग्राउंड लूप) आहे, म्हणजे यंत्रं दोन वाटांनी अर्थला जोडली गेली आहेत. सगळी यंत्रं एकाच बोर्डावर घ्या, डीआयवरचं ग्राउंड लिफ्ट (ऑडिओ केबलमधली अर्थची जोडणी तोडणारं) बटण दाबा. प्लगची अर्थची पिन तोडण्याचा उद्योग कोणी करू नये, जिवावर बेतेल. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे घुमघुमीत १०० हर्ट्झही असतो. सा काळी एक असेल, तर तानपुऱ्याच्या पहिल्या तारेचा मंद्र पंचम १०४ च्या आसपास. दोन्ही एकत्र आले की आवाज सेकंदाला चारदा हेलकावतो आणि बिचारा तानपुरेवाला उगाच खुंटी पिळत बसतो.

प्रश्न : वडोदऱ्यात असं पूर्वी कधी झालंय का?

उत्तर : बडोद्याचे दरबारी गायक मौलाबक्ष यांचे नातू, सूफी संगीतकार इनायत खाँ इथलेच, १९१० मध्ये ते अमेरिकेला गेले आणि नर्तिका रूथ सेंट डेनिस यांच्याबरोबर कार्यक्रम केले. शेजारी अहमदाबादला, राष्ट्रीय डिझाइन संस्थेत, अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनी १९६९ मध्ये ‘मूग’ (Moog) बनावटीचा सिंथेसायझर बसवला.

प्रश्न : तो यायच्या आधी ऑनलाइन तालीम होईल का? आम्ही ठेका धरला की तो मागे पडतो.

उत्तर : पडणारच. इथून बर्लिन सुमारे सहा हजार किलोमीटर; फायबरमधल्या प्रकाशालाच ३० मिलिसेकंद लागतात, आणि खरा रस्ता लांबचा असतो. २५–३० मिलिसेकंदांच्या पुढे लय घसरते. म्हणून उशीर टाळू नका, तोच वाढवून बरोबर एका आवर्तनाएवढा करा. निन्जॅम नावाचं सॉफ्टवेअर हेच करतं: प्रत्येकाला समोरच्याचं मागचं आवर्तन ऐकू येतं. गती मिनिटाला ६० मात्रा, आणि आवर्तन १६ मात्रांचं ठेवा. तीनतालाचं आवर्तन १६ सेकंदांचं होईल. लॅपटॉप वायफायवर नको, केबलनं राउटरला जोडा, आणि हेडफोन लावा. तिहाई, सवाल-जवाब असल्या जागा मात्र तो प्रत्यक्ष आल्यावरच बसवा.