दम वाढला, गोळा मात्र पुढे जात नाही

प्रश्न : मी पोलीस शिपाई भरतीची तयारी करतो. रोज पहाटे पाच-सहा किलोमीटर धावतो. १६०० मीटरची वेळ चांगली सुधारली, पण १०० मीटरमध्ये काहीच फरक नाही आणि गोळा तर पूर्वीपेक्षा अलीकडेच पडतो. जास्त धावल्याने जलद स्नायुतंतू संथ होतात, असे मैदानावरची मुले सांगतात. हे खरे आहे का? बैठका वाढवू का? (एक वाचक, सातारा जिल्हा)

उत्तर : जलद तंतू पूर्णपणे संथ होणे काही महिन्यांच्या सरावात क्वचितच दिसते, त्यामुळे ती भीती सोडून द्या. रोजच्या सावकाश धावण्यात तुमच्या जलद तंतूंना पुरेसे कामच मिळत नाही, ही खरी अडचण आहे.

मांडीच्या स्नायूत दोन्ही जातींचे तंतू एकमेकांत मिसळलेले असतात. संथ तंतू प्राणवायूच्या आधारे दीर्घकाळ काम करतात, पण त्यांचा जोर सावकाश उभा राहतो. जलद तंतूंचे दोन पोटप्रकार आहेत : ‘२अ’ हा वेगवान असूनही बऱ्यापैकी दम धरणारा, आणि ‘२एक्स’ हा सर्वांत वेगवान, पण फार लवकर थकणारा. हे सर्व एकाच वेळी कामाला लागत नाहीत. आधी लहान चेतापेशी जाग्या होतात आणि जोराची गरज वाढेल तशा मोठ्या, हा क्रम अमेरिकी शास्त्रज्ञ एलवूड हेनेमन यांनी विसाव्या शतकाच्या मध्यात दाखवून दिला. संथ तंतू लहान चेतापेशींना जोडलेले असल्यामुळे, बोलत बोलत धावता येईल अशा गतीत बहुतेक भार तेच वाहतात. त्यांच्यातील तंतुकणिका (पेशीत ऊर्जा तयार करणारे सूक्ष्म घटक) आणि भोवतालच्या केशवाहिन्या वाढतात, आणि १६०० मीटरमधील तुमची प्रगती बव्हंशी तिथूनच आली आहे.

मुलांच्या म्हणण्यात थोडे तथ्य आहे, ते असे की सरावाने ‘२एक्स’ तंतू ‘२अ’कडे झुकतात. मात्र हे धावण्याने होते तसे वजन उचलण्यानेही होते, आणि वजन उचलणाऱ्याची ताकद तरीही वाढते, कारण त्याचे जलद तंतू जाड होतात आणि चेतासंस्था अधिक तंतूंना एकाच वेळी कामाला लावायला शिकते. पहिल्या काही आठवड्यांतील वाढ मुख्यतः या दुसऱ्या कारणाने होते. म्हणून मांडीचा घेर वाढला नाही तरी निराश होऊ नका.

बैठकांचा आपल्या तालमींतील मान मला पूर्ण मान्य आहे. पण ज्याला शंभर बैठका सलग निघतात, त्याने दीडशे काढल्यास प्रामुख्याने चिवटपणा वाढेल. ताकदीसाठी भार वाढवावा लागतो. जाणत्या प्रशिक्षकाकडून तंत्र शिकून, चार ते सहा वेळाच नेटाने उचलता येईल एवढ्या वजनाच्या बैठका आठवड्यातून दोनदा करा. त्याच्या जोडीला उड्या आणि ३० ते ६० मीटरच्या पूर्ण वेगाच्या धावा घ्या, आणि दोन धावांमध्ये तीन-चार मिनिटे विश्रांती घ्या. ही विश्रांती मुले टाळतात, तिला आळस समजतात. वास्तविक दम लागलेल्या अवस्थेतली दहावी धाव वेगाचा सराव उरतच नाही.

दोन्ही सराव एकत्र केल्यास काय होते, हे संशोधक रॉबर्ट हिक्सन यांनी १९८० मध्ये प्रसिद्ध केलेल्या दहा आठवड्यांच्या प्रयोगात दिसते. दोन्ही करणाऱ्यांचा दम केवळ धावणे-सायकलिंग करणाऱ्यांइतकाच वाढला. त्यांची ताकद मात्र सुमारे सात आठवडे वाढून थांबली आणि शेवटी थोडी घसरली. तिथे ताकदीचा सराव आठवड्यातून पाच दिवस आणि दमाचा सहा दिवस होता, हे लक्षात घ्या. तुम्ही लांब धावा तीन दिवसांवर आणा, वेग आणि वजन यांचा सराव ताज्या पायांनी आधी करा, आणि शक्य असल्यास लांब धाव त्या दिवशी ठेवूच नका. मैदानी चाचणीच्या ५० गुणांपैकी १६०० मीटरला २० आणि १०० मीटर व गोळाफेक मिळून ३० गुण असताना, सारी पहाट लांब धावण्यात घालवणे मला योग्य वाटत नाही. गोळ्याचे तंत्र वेगळे शिकावे लागेलच.

प्रश्न : व्यायाम सोडल्यावर कमावलेल्या स्नायूंची चरबी होते का? (एक वाचक, पुणे)

उत्तर : होत नाही. स्नायूच्या आणि चरबीच्या पेशी मुळातच वेगळ्या असतात. व्यायाम थांबल्यावर तंतू बारीक होतात, आहार मात्र पूर्वीइतकाच राहिल्यास चरबी साठते, आणि दोन्ही एकाच वेळी घडल्याने तसा भास होतो. बदलतात ते तंतूंची जाडी आणि प्रकार. डेन्मार्कमधील संशोधक अँडरसन आणि ऑगार्ड यांच्या २००० सालच्या अभ्यासात, तीन महिन्यांच्या वजनाच्या सरावाने तरुणांच्या मांडीतील ‘२एक्स’ प्रथिनाचे (सर्वांत वेगवान तंतूंची ओळख असलेल्या प्रथिनाचे) प्रमाण सुमारे ९ टक्क्यांवरून २ टक्क्यांवर आले, आणि पुढच्या तीन महिन्यांच्या विश्रांतीनंतर ते १७ टक्क्यांवर गेले. स्पर्धेच्या आधी सराव हलका करण्यामागे हा विचार काही प्रशिक्षक करतात. परंतु एवढ्या दीर्घ विश्रांतीत तंतूंची जाडीही उतरते, म्हणून सराव पूर्ण बंद करण्याऐवजी आठवड्यातून एकदा तरी जड वजनाचा सराव चालू ठेवावा.